उत्पत्तीचे सहा दिवस आणि खान्देशचा काळा दगड

(ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे झालाय. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला आतेबहिणीचं व्हॉट्सॲप आलं. “दादा, जागा आहेस का? एक सांग. मी जिऑलॉजी सोडू की चर्च?”

आधी वाटलं, मस्करी करतेय. पण नव्हती करत.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमचं घर भुसावळचं, ख्रिस्ती. आजोबा रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते. रविवारी उपासना चुकवायची तर ताप तरी हवा, नाहीतर बारावीचा पेपर तरी. बहीण पुण्यात जिऑलॉजी शिकते. सुट्टीत ती तरुणांच्या एका शिबिराला गेली होती. तिथे बाहेरून आलेल्या एका वक्त्याने सांगितलं, की देवाने जग चोवीस-चोवीस तासांच्या सहा दिवसांत केलं, पृथ्वीचं वय फार तर सहा-सात हजार वर्षं, आणि ज्याला हे पटत नाही त्याचा बायबलच्या पहिल्या पानावरच विश्वास नाही, मग शेवटच्या पानावर कसा असेल? आणि ही पोरगी दोन आठवड्यांपूर्वीच फील्ड ट्रिपवरून आलेली. हातात हातोडा, बॅगेत दगड.

मी बी.टेक. केलेला माणूस, थिऑलॉजी शिकलेलो नाही. पण प्रश्न घरातला होता, म्हणून महिनाभर वाचलं. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी दगडाचं बघू, कारण तो आपल्या पायाखाली आहे. चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट लागतो. पुढच्या वेळी गाडीच्या खिडकीतून बघा. डोंगर एकसंध नाही, थरावर थर आहेत. प्रत्येक थर म्हणजे एकेकाळी वाहून आलेला आणि थंड झालेला लाव्हा. यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात. दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पट्टा दिसतो. म्हणजे एक थर थंड झाला, ऊन-पावसाने त्याची माती झाली आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. माती व्हायला वेळ लागतो, बरं का. तो काही एका दुपारचा मामला नाही.

धुळे-नंदुरबारकडे गेलात तर शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या, काळ्या दगडाच्या भिंतींसारख्या टेकड्या दिसतात. जमिनीला भेगा पडल्या, त्यांत लाव्हा चढला, तिथेच गोठला. आजूबाजूचा दगड झिजून गेला आणि भिंत तेवढी उरली. तिला डाइक म्हणतात. आणि आपल्या जळगावच्या खाणींत दगडाच्या पोकळीत जे पांढरे-हिरवे स्फटिक सापडतात, ज्यांसाठी जगभरातले संग्राहक पैसे मोजतात, तेही याच लाव्हाच्या पोटातले. लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पोकळ्यांत पाणी झिरपून ते हळूहळू वाढले.

वय कसं काढतात? एक पद्धत सोपी करून सांगतो. दगडात पोटॅशियम असतं. त्यातला एक प्रकार, पोटॅशियम-४०, फार हळू बदलत राहतो. निम्मा संपायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. त्यातल्या काही भागाचा आर्गॉन वायू होतो. लाव्हा वितळलेला असताना आर्गॉन निसटून जातो, घट्ट झाला की आत अडकतो. म्हणजे दगड गोठला त्या क्षणी स्टॉपवॉच शून्यावर येतं. किती आर्गॉन साठलाय ते मोजा, वय कळतं. आपल्या या दगडांचं वय येतं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं.

आता मुख्य गोष्ट. मला वाटायचं, हा वाद म्हणजे एका बाजूला विज्ञान आणि दुसऱ्या बाजूला पाद्री. मग स्टीफन हिस्लॉप भेटला.

नागपूरचे लोक हिस्लॉप कॉलेज ओळखतात. ते ज्याच्या नावाचं आहे तो हा माणूस. जन्म १८१७, स्कॉटलंड. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी म्हणून १८४५ मध्ये नागपूरला आला. मराठी शिकला, मराठीत प्रवचनं केली, शाळा काढली. आणि उरलेल्या वेळात दगड फोडले. तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर, दोघेही मिशनरी, यांना नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातले शिंपले, माशांचे अवशेष, किडे, फळं-बिया असे जीवाश्म सापडले. पुढे नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे एका जुन्या उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. लंडनला रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं ब्रॅकिऑप्स. हा ओवेन म्हणजे ज्याने ‘डायनोसॉर’ हा शब्द दिला तोच. त्याच सुमारास हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूरचनेवरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

तारीख लक्षात घ्या. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ मध्ये. त्याच्याआधी मराठी मुलखातला एक मिशनरी सकाळी उत्पत्तीचं पुस्तक शिकवत होता आणि संध्याकाळी माणसाच्या कितीतरी आधीच्या प्राण्यांची हाडं कागदात गुंडाळून लंडनला पाठवत होता. त्याने ना प्रवचन सोडलं, ना हातोडा. १८६३ मध्ये टाकळघाटची पुरातन दगडी वर्तुळं बघून परतताना पाण्याला ओढ होती, त्यात तो बुडाला. शेवटपर्यंत मिशनरीच होता.

त्याच्या चर्चने त्याला काढलं का नाही? कारण त्या चर्चला धक्काच बसला नव्हता. १८४३ मध्ये फ्री चर्च स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख होते थॉमस चामर्स. त्यांनी १८१४ मध्येच मांडलं होतं, की उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यानंतर आणि सहा दिवसांच्या आधी हवा तेवढा काळ गेलेला असू शकतो. त्याच चर्चच्या बाजूने लिहिणाऱ्या वर्तमानपत्राचा संपादक ह्यू मिलर स्वतः भूवैज्ञानिक होता. त्याचं म्हणणं, ते ‘दिवस’ म्हणजे मोठमोठी युगं. दोघांची उत्तरं वेगळी, आणि आजचं विज्ञान दोन्ही जशीच्या तशी घेणार नाही. पण विश्वासातून बाहेर कोणालाच काढलं नाही.

आणखी मागे जाऊ. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने विचारलं होतं, की सूर्य जर चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कसली? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते देवाने सगळं एका क्षणात निर्माण केलं, आणि ते सहा दिवस आपल्या दिवसांसारखे नाहीत. त्याने एक इशाराही दिला. सृष्टीबद्दल ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलला, की ऐकणारा हसतो, आणि मग पुनरुत्थानाबद्दल तो आपलं का ऐकेल? शिबिरातल्या त्या वक्त्याचा मुद्दा हाच होता, फक्त उलटा.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऑगस्टीनलाही पृथ्वी फार जुनी वाटत नव्हती. ल्यूथर आणि कॅल्विन यांनी सहा दिवस हे खरे दिवस म्हणूनच वाचले. आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये हिशेब करून निर्मितीचं वर्षच दिलं, इ.स.पू. ४००४. दहा आज्ञांमध्ये शब्बाथ पाळायचं कारण म्हणून सहा दिवसांचाच दाखला आहे. म्हणजे शब्दशः वाचणारे काही वेडे नव्हेत. जुनी, मोठी परंपरा आहे.

पण ‘हे मानलं नाहीस तर तू ख्रिस्तीच नाहीस’ हा जोर बराच नवा आहे. ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द ज्या अमेरिकन पुस्तिकांवरून आला, त्या ‘द फंडामेंटल्स’ १९१० ते १९१५ मध्ये निघाल्या. त्यांत जेम्स ऑर या धर्मशास्त्रज्ञाने सरळ मान्य केलंय, की जग सहा हजार वर्षांपेक्षा कितीतरी जुनं आहे. तरुण पृथ्वीची आजची चळवळ खरी पसरली ती १९६१ नंतर, ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकाने. दोन लेखकांपैकी हेन्री मॉरिस चक्क इंजिनिअर. आमच्याच जातकुळीतला! आता तेच युक्तिवाद डब होऊन, रील होऊन आपल्या मोबाइलवर येतात, आणि आपल्याला वाटतं की दोन हजार वर्षं सगळे हेच म्हणत आले.

मग विश्वासाला नेमकं लागतं काय? मी कोडवाला माणूस, मी आधी रिक्वायरमेंट डॉक्युमेंट शोधतो. चर्चकडे ते आहे: विश्वासाचा अंगीकार. नायसियाचा, चौथ्या शतकातला, आणि प्रेषितांचा. त्यांत काय आहे? देव आकाश आणि पृथ्वी यांचा निर्माणकर्ता आहे. किती दिवसांत? एक शब्द नाही. उत्पत्तीचाच दुसरा अध्याय वाचा, तिथे माणूस आधी येतो आणि प्राणी नंतर, पहिल्या अध्यायाच्या उलट. ज्यांनी दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्यांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. ते लॉग फाइल लिहीत नव्हते. सूर्य-चंद्राला देव मानणाऱ्या जगात ते सांगत होते, की हे देव नाहीत, निर्माण केलेले दिवे आहेत.

एक अवघड गाठ मात्र मी लपवणार नाही. पौल पाप आणि मरण आदामाशी जोडतो. माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते, तर मग त्याचं काय? याचं झटपट उत्तर माझ्याकडे नाही, आणि रीलमध्ये तर नाहीच नाही. पण हा प्रश्न चर्चमध्ये बसून विचारता यायला हवा. बाहेर जाऊन नव्हे.

बहिणीला हे सगळं त्या रात्री सांगितलं नव्हतं. फक्त फोन केला. आजी जागी होती, तिने मधेच विचारलं काय चाललंय. मी सांगितलं, दिवस चोवीस तासांचा होता की नाही यावर चाललंय. आजी तिच्या अहिराणीत म्हणाली, “देव काय घड्याय बांधीसन बठेल व्हता का रे?” बहीण हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच, असं आत्या नंतर म्हणाली.

तिने दोन्हींपैकी काहीच सोडलेलं नाही. नाताळाच्या गाण्यांच्या सरावाला ती येणार आहे, आणि त्याआधी तिला जळगावच्या एका खाणीत न्यायचं मी कबूल केलंय. पेट्रोल माझं.

तुमच्याही घरात असा कोणी दगड आणि देव यांच्या मधे अडकलेला असेल, तर हा एपिसोड त्याला पाठवा. आणि आधी फोन करा. भेटू पुढच्या आठवड्यात.