बत्तीस वर्षांचें अंतर

तळाला पाय न टेकतां खेळावयाच्या वॉटर पोलोची महाविद्यालयीन पुरुषांसाठीं राष्ट्रीय स्पर्धा अमेरिकेंतील नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशननें १९६९ सालीं सुरू केली. स्त्रियांसाठीं तिनें ती २००१ सालीं भरविली. मधल्या काळांत, १९७२ सालीं, सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास कायद्यानें बंदी झाली होती. तरी कायदा कागदावरून तलावांत उतरण्यास जवळजवळ एक पिढी जावी लागली. ऑलिंपिकमध्येंहि हा खेळ पुरुषांसाठीं १९०० सालीं आला, स्त्रियांसाठीं २००० सालीं!

पहिल्या अंतिम सामन्यांत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानें स्टॅनफर्डवर ५-४ अशी मात केली. पुढें २०२५ पर्यंतचीं सारीं विजेतेपदें हीं दोन आणि सदर्न कॅलिफोर्निया, अशा एकाच राज्यांतील तीन विद्यापीठांकडे गेलीं. कायद्यानें दार उघडतें. परंतु दारापर्यंत पोहोंचण्यास तलाव, शिक्षक व पैसा हीं लागतातच.