मेंदूवर उलटणारें रक्षकदळ

पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लुई पाश्चर यांनीं १८८५ सालच्या जुलै महिन्यांत पॅरिस येथें आपली लस टोंचविली आणि मुलगा वांचला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. ही लस सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली असे. पुढें ती घेणाऱ्यांपैकीं कांहीं थोड्यांचे हातपाय लुळे पडूं लागले. प्राण वांचविण्यासाठीं घेतलेल्या औषधानेंच असा घाला घालावा, याहून दुर्दैव तें कोणतें? लसींत रोगबीज जिवंत राहिलें असावें, असा संशय साहजिकच आला.

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत टॉमस रिव्हर्स व त्यांचे सहकारी यांनीं आठ माकडांस निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क वारंवार टोंचला. त्यांत जलसंत्रासाचें बीज मुळींच नव्हतें. तरीहि दोन माकडांच्या मेंदूंत दाह उत्पन्न झाला, आणि विजेच्या तारेवरील वेष्टणासारखें मज्जातंतूंवर जें आवरण असतें तें ठिकठिकाणीं झडून गेलें. हा वृत्तान्त १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. परक्या मेंदूवर चवताळलेलें शरीराचें रक्षकदळ स्वतःच्या मेंदूवरहि तुटून पडलें होतें! मल्टिपल स्क्लेरोसिस या मानवी विकारांतहि असेंच आवरण झडतें. म्हणून हा प्रयोग त्या विकाराचा नमुना ठरला. नमुनाच, प्रत्यक्ष रोग नव्हे.

मेंदूपासून केलेली लस मात्र स्वस्त होती, आणि जलसंत्रास म्हणजे निश्चित मरण. भारतांत कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांच्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूची लस २००४ सालापर्यंत चालू राहिली. पोटांत घ्यावयाच्या त्या चौदा सुया अनेक घरांत अजून आठवत असतील.

दरम्यान मेलबोर्न येथें डोनाल्ड मेटकाफ प्रभृति संशोधक १९६० नंतरच्या दशकांत अगदीं वेगळ्याच हेतूनें अस्थिमज्जेंतील पेशी काचेच्या बशींत वाढवीत होते. पांढऱ्या पेशींचे पुंजके वाढण्यास विशिष्ट द्रव्यें लागतात, असें त्यांस दिसलें. त्यांपैकीं एकास जीएम-सीएसएफ म्हणतात. कर्करोगावरील उपचारांनीं पांढऱ्या पेशी घटल्या म्हणजे तें औषध म्हणूनहि देतात. परंतु २००१ सालीं असें आढळलें कीं, ज्या उंदरांच्या शरीरांत हें पोषक द्रव्य निर्माणच होत नाहीं, ते रिव्हर्स यांच्या त्या मेंदूविकारास बळी पडत नाहींत. २०११ सालीं दोन निरनिराळ्या संशोधक-गटांनीं दाखविलें कीं, मेंदूवर चालून जाणाऱ्या टी-पेशी तें स्वतःच स्रवतात, आणि ती शक्ति काढून घेतली तर त्या निरुपद्रवी ठरतात. त्या द्रव्यानें रक्तांतून आलेल्या भक्षक पेशी चेततात, व आवरणाचा नाश मुख्यतः त्यांच्याच हातून होतो.

मग त्या द्रव्यासच सरसकट अटकाव कां करूं नये? अडचण अशी कीं, फुफ्फुसें स्वच्छ ठेवणाऱ्या भक्षक पेशींनाहि तेंच लागतें. ज्या रोग्यांचें शरीर त्या द्रव्याविरुद्धच उलटतें, त्यांचीं फुफ्फुसें चिकट द्रवानें भरून येतात.