फ्लाय बांधणी

फ्लाय बांधणी : गळाच्या दांडीवर दोऱ्याने पिसे, केस, लोकर, जर असे साहित्य बांधून माशाला भुलवणारे भक्ष्य घडवण्याची हस्तकला. या कृत्रिम आमिषाला फ्लाय म्हणतात. पाण्यावर उतरलेला कीटक, तळाची अळी, कोळंबी, खेकडा, लहान मासळी यांपैकी कशाचेही रूप ते घेते. कोकणात गरवताना गळाला कोळंबी किंवा मासळीचा तुकडा लावतात आणि तंगुसाला बांधलेल्या शिशाच्या वजनाने गळ दूर जातो. फ्लायला मात्र वजन जवळजवळ नसतेच. काठीच्या झोक्याने जाड, जड दोरी हवेत उलगडत जाते आणि फ्लाय तिच्यामागून ओढली जाते. त्यामुळे फ्लाय हलकी आणि हवेत न फिरकणारी असावी लागते.

बांधताना गळ छोट्या व्हाइसमध्ये (शेगड्यात) घट्ट धरतात. मेण लावलेल्या बारीक दोऱ्याचे वेढे दांडीवर बसवून शेपूट, धड, पंख असे एकेक अंग जोडत नेढ्याकडे यायचे असते. धडासाठी सशाच्या कानाजवळची लव दोऱ्यावर पिळून घेतात. कोंबड्याच्या मानेचे पीस गोल गुंडाळले की त्याचे ताठ तंतू चहूबाजूंनी उभे राहतात आणि पाण्याच्या पृष्ठताणावर फ्लाय तरंगती ठेवतात. शेवटी दोऱ्याचे टोक वेढ्यांखाली दाबून गाठ मारतात व वर व्हार्निशचा थेंब देतात. नवशिक्याच्या हातून साहित्य नेहमी जास्तच लागते. नेढ्याजवळ जागा उरत नाही आणि दोरी ओवता येत नाही. चांगल्या बांधणीची ओळख काय वगळले यावरून पटते.

या कलेचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख इ. स. 200 च्या सुमारास होऊन गेलेल्या ईलियन या रोमन लेखकाकडे सापडतो. मॅसिडोनियातील नदीकाठचे लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधत, असे तो सांगतो. इंग्लंडमध्ये 1496 साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील प्रबंधात बारा फ्लायची कृती आहे. ॲल्फ्रेड रोनाल्ड्झने 1836 मध्ये नदीतील खरे कीटक आणि त्यांच्या प्रतिकृती शेजारी शेजारी चितारल्या, आणि बांधणाऱ्याला कीटकशास्त्राची वाट सापडली. फ्रेडरिक हॅलफर्डच्या 1886 मधील ग्रंथाने तरंगत्या फ्लायला शास्त्राचा दर्जा दिला. पण त्याचे अनुयायी इतके कडवे निघाले की पाण्याखालची फ्लाय त्यांना अनुचित वाटू लागली. जी. ई. एम. स्क्यूझने 1910 मध्ये शांतपणे दाखवून दिले, की ट्राउट मासा बराचसा आहार पाण्याखालीच घेतो. वादात सरशी स्क्यूझची झाली असेच म्हटले पाहिजे.

इंग्लंडमधील एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने तो विचार टोकाला नेला. त्याच्या फ्लायमध्ये दोराच नाही. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू तो तांब्याच्या बारीक तारेने बांधी. तारेच्या वजनाने फ्लाय बुडे आणि तांब्याची झाक तिच्या अंगाला येई. पोहताना अळी पाय अंगाशी घेते हे त्याने पाहिले होते, म्हणून पायही गाळले. दोन वस्तूंत साधलेली ही फ्लाय या कलेतील सर्वांत शहाणी कृती होय.

व्हिक्टोरियन काळातील सॅमन फ्लाय नेमकी याच्या उलट. समुद्रातून नदीत चढणारा सॅमन तिथे जवळजवळ काही खात नाही, म्हणून नक्कल करायला भक्ष्यच उरत नाही. मग टूकन, मकाव, बस्टर्ड अशा पक्ष्यांच्या रंगीत पिसांची आरास होऊ लागली. ‘जॉक स्कॉट’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. या फ्लायच्या गालावर मेणाच्या थेंबासारखा चकाकणारा जो ठिपका दिसतो, तो आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचा. अशी पिसे भारतातून एके काळी मोठ्या प्रमाणावर बाहेर गेली. साध्या फ्लायसाठीही भारतीय कोंबड्यांच्या मानेची कातडी परदेशी बाजारात दीर्घकाळ विकली जात होती. पुढे अमेरिकेत खास पिसांसाठी कोंबड्यांची निवडक पैदास सुरू झाली. दुर्मीळ पिसांचा हव्यास किती खाली नेतो, हे 2009 मध्ये कळले. इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून एका तरुणाने 299 पक्ष्यांची कातडी चोरली; त्यांत ॲल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेले नमुनेही होते. स्थळ-काळाच्या चिठ्ठ्या निघून गेलेल्या नमुन्यांचे वैज्ञानिक मोल कायमचे बुडाले.

खाऱ्या पाण्यात गणित बदलते. मासा वेगवान व दातेरी, वारा जोरदार आणि मीठ लोखंड खाणारे. म्हणून गळ पोलादी, न गंजणारा आणि साहित्य टिकाऊ लागते. लेफ्टी क्रे याने 1950 च्या दशकात अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात पट्टेदार बास माशासाठी ‘डिसीव्हर’ बांधली. लांब पिसे दांडीच्या मागच्या टोकाशी आणि हरणाच्या शेपटीचे केस पुढे, अशी तिची रचना असल्याने फेकताना पिसे गळाभोवती गुरफटत नाहीत. पेनसिल्व्हेनियातील बॉब क्लाउझरने दांडीच्या वरच्या अंगाला शिशाचे डोळे बांधले. त्यामुळे त्याची फ्लाय उलटी होते, गळाचे टोक वर राहते आणि तळाच्या दगडांत अडकत नाही. दोरी सैल सोडताच ती नाकावर बुडते, ओढताच उसळते. मूळची नदीतील बाससाठी असलेली ही फ्लाय आज समुद्रातही तितकीच वापरली जाते.

बांधणाऱ्याने मासे धरलेच पाहिजेत असे नाही. स्कॉटलंडमधील मेगन बॉइड (1915–2001) हिच्या सॅमन फ्लाय जगभर नावाजल्या आणि 1971 मध्ये तिला ब्रिटिश एम्पायर पदक मिळाले. तिने स्वतः गळ टाकून मासेमारी केली नाही.

भारतात राखी रानकोंबड्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. महाशीरसाठी फ्लाय बांधू पाहणाऱ्याने रानातल्या पिसाला हात लावू नये. गावठी कोंबड्याची मान आणि बोकडाचे केस यांवर उत्तम फ्लाय बांधता येते.