फोनला जोडलेला टेपरेकॉर्डर: १९६४ ची मुंबई ते आजचं नाशिक

हा आपल्या भागाचा लेखी अवतार आहे. ज्यांना रिक्षात, बसमध्ये ऐकता आला नाही, त्यांनी निवांत वाचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय: फोनवरच्या मुलाखती कमी पैशात रेकॉर्ड कशा करायच्या? सांगतो. पण आधी थोडं मागे जाऊ. कारण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे: रेकॉर्ड झालेला आवाज कुणाचा?

सुरुवात डेन्मार्कपासून. वाल्डेमार पौलसेन नावाच्या इंजिनिअरने १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकाच्या मदतीने आवाज साठवणारं यंत्र केलं. ते त्याने कशासाठी केलं होतं? गाण्यांसाठी नाही, तर टेलिफोनवरचा निरोप साठवून ठेवता यावा म्हणून! म्हणजे बघा, चुंबकीय रेकॉर्डिंगचा जन्मच फोनपायी झालाय.

पुढे टेप आली. १९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली आणि रेकॉर्डिंग हळूहळू घराघरांत पोचलं. फोन रेकॉर्ड करायची एक स्वस्त युक्ती तेव्हा चालायची. रबरी चकतीत बसवलेली तारेची छोटी गुंडाळी फोनला चिकटवायची, तिची वायर टेपरेकॉर्डरला जोडायची. फोनमधल्या चुंबकीय लहरी ती गुंडाळी पकडते. फोन उघडायला नको, वायर कापायला नको.

आता मुंबईत येऊ. साल १९६४. एका रुग्णाचा ऑपरेशननंतर मृत्यू झाला. अशा मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी म्हणजे कोरोनर. मुंबईचे कोरोनर आर. एम. मलकानी यांनी डॉक्टरांकडे लाच मागितल्याचा आरोप झाला. ७ ऑक्टोबरला पोलिसांनी एका डॉक्टरांच्या संमतीने त्यांच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. डॉक्टरांनी मलकानींना फोन लावला आणि बोलणं टेपवर आलं.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. बचाव असा होता की, हे टेलिग्राफ कायद्याच्या विरुद्ध आहे, चोरून ऐकणं आहे. २२ सप्टेंबर १९७२ ला निकाल लागला. कोर्ट म्हणालं, डॉक्टरांनी स्वतःचंच बोलणं रेकॉर्ड करू दिलं, लाइनमध्ये कुणी छेडछाड केलेली नाही, म्हणून टेप पुरावा म्हणून चालेल. पण त्याच निकालात हेही आहे की, निरपराध नागरिकाच्या फोनमध्ये कुणी दांडगाईने कान घातला, तर कोर्ट त्याला संरक्षण देईल. १९९६ मध्ये सरकारी फोन टॅपिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं: फोनवरचं बोलणं हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे.

आता काही जण म्हणतील, ‘मग दोघांपैकी एक राजी असला की झालं ना!’ नाही मंडळी. तो निकाल पुराव्याबद्दलचा आहे. लाच मागणाऱ्याला पकडणं वेगळं आणि आजीच्या आठवणी जगाला ऐकवणं वेगळं. आपली आजी आरोपी नाही.

खर्चाचं म्हणाल, तर तो केव्हाच उतरलाय. एसटीडीच्या जमान्यात लोक रात्री उशिराच्या कमी दरासाठी बूथवर रांग लावायचे. मोबाइल आल्यावर सुरुवातीला फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडायचे, म्हणजे मुलाखत देणाराच बिल भरणार! २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मग अशा गप्पा परवडू लागल्या. मे २०२२ मध्ये गूगलने प्ले स्टोअरवरच्या कॉल रेकॉर्डिंग अॅप्सची वाट बंद केली. त्यांच्या स्वतःच्या फोन अॅपमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं की दोन्हीकडे तशी सूचना ऐकू जाते.

मग मी काय करतो? एक फोन स्पीकरवर ठेवतो, दुसरा वीतभर अंतरावर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून. खाली जाड चादर, पंखा बंद. खर्च शून्य. समोर कुणी नातू-नात मदतीला असेल, तर त्यांना त्यांच्याकडेही दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायला सांगतो आणि फाइल व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवतो. कारण जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’ आणि ‘फ’ ओळखायला लागणारा बारीक आवाज बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून गावाचं, माणसाचं नाव मी दोनदा विचारतो.

सध्या मी १९६९ च्या गोदावरीच्या महापुराच्या आठवणी गोळा करतोय. आपल्याकडे पूर मोजतात दुतोंड्या मारुतीवरून: पाणी कुठवर आलं, कमरेला की गळ्याला? पण त्या रात्री घरात काय झालं, ते मारुती सांगत नाही. ते माणसं सांगतात, आणि तेव्हा विशीत असलेली माणसं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यातली बरीचशी नाशकात राहिलेली नाहीत, म्हणून फोन.

पंचवटीतल्या एक आजी आता लेकीकडे पुण्याला असतात. पुराबद्दल भरभरून बोलल्या. मग शेजारच्या घराबद्दल काहीतरी सांगितलं, आणि थबकून म्हणाल्या, ‘हे नको हं लावूस. त्यांची नातवंडं अजून तिथंच राहतात.’ खरं सांगू? त्या मुलाखतीतली ती सगळ्यात जोरदार दोन मिनिटं होती. ती तुम्ही ऐकलेली नाहीत आणि ऐकणारही नाही.

त्या हे म्हणू शकल्या, कारण रेकॉर्डिंग चालू आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आजी, मी हे रेकॉर्ड करतोय, पॉडकास्टवर लावणार आहे, चालेल ना?’ त्यांचा ‘हो’ पण फाइलमध्ये राहतो. शेवटी विचारतो, ‘यातलं काही काढू का?’

तर या रविवारी घरातल्या, नात्यातल्या एखाद्या जुन्या नाशिककराला फोन लावा. आधी तारीख आणि नाव बोला, मग परवानगी विचारा, आणि मग पुराचं विचारा. भेटू पुढच्या भागात.