अनुज्ञा आणि अधिकार

एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहितांना आमचे ग्रंथकार बहुधा दोन पक्ष मांडतात : एकीकडे सुधारक, दुसरीकडे सनातनी. ही मांडणी खोटी नव्हे, पण ती फार सोयीची आहे. स्त्रियांनीं शिकावें असें कळकळीनें म्हणणाऱ्यांच्या मनांतही एक सूक्ष्म पूर्वग्रह नांदत होता, आणि उघड विरोधापेक्षां तो ओळखावयास कठीण होता. पत्नीची विद्या ही पतीची देणगी असेल तोंवर ती शोभे. तीच विद्या तिनें स्वतःच्या आयुष्याचा निवाडा करण्यास वापरली, कीं भुंवया चढत.

या दृष्टीनें १८८७ सालचा एक आठवडा पाहण्याजोगा आहे. २६ फेब्रुवारी रोजीं डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास निवर्तल्या. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. आदल्याच मार्चमध्यें त्यांनीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांतून एम्. डी. ची पदवी घेतली होती, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील जागा त्यांची वाट पाहत होती. सगळा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर सहाच दिवसांनीं, ४ मार्च रोजीं, मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं रखमाबाईंस आज्ञा केली कीं, नवऱ्याच्या घरीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कारावास भोगा. अकराव्या वर्षीं झालेला, आपली संमति नसलेला विवाह आपणांस बंधनकारक वाटत नाहीं, असें म्हणणाऱ्या या तरुणीनें कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. तिच्यासाठीं हळहळणारे लोक मात्र फार थोडे निघाले. आनंदीबाईंचें कौतुक करणाऱ्या पुण्यांतच रखमाबाईंवर टीकेचा वर्षाव झाला, व त्यांत केसरी अग्रभागीं होता.

केसरीकारांचा एक मुद्दा केवळ स्त्रीद्वेषाचा म्हणून सोडून देतां येणार नाहीं. परकी न्यायासनानें आमच्या कौटुंबिक धर्मांत हात घालावा काय, हा प्रश्न खराच होता. परंतु नांदण्याचा दावा लावण्यासाठीं त्याच न्यायासनाकडे दादाजी भिकाजी हे १८८४ सालीं आपण होऊन गेले होते, त्याबद्दल कोणास फारसें वैषम्य वाटलें नाहीं! पुरुषानें त्या पायऱ्या चढल्या तर तो हक्क, स्त्रीनें तेथें उत्तर दिलें तर तो उद्धटपणा.

आतां आनंदीबाईंकडे वळूं. त्या समुद्र ओलांडून गेल्या, हें रखमाबाईंच्या नकारापेक्षां लहान बंड नव्हतें. मग त्यांस मान कां मिळाला? आमच्या मतें त्याचें अर्धें उत्तर गोपाळराव या नांवांत आहे. बायकोनें शिकावें हा हट्ट नवऱ्याचा होता, व तिचें परदेशगमन ही लोकांच्या दृष्टीनें आज्ञाधारकपणाचीच पराकाष्ठा होती. तो हट्ट किती कठोर होता, हें आनंदीबाईंच्या एका पत्रावरून कळतें. दहाव्या वर्षीं लाकडाचे मार, बाराव्या वर्षीं अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तकें, चौदाव्या वर्षीं सोडून जाण्याची धमकी, ही सगळी यादी त्यांनीं अमेरिकेंतून गोपाळरावांसच शांतपणें लिहून कळविली. तें वागणें बरें कीं वाईट, याचा निकाल त्या एकतर्फी देत नाहींत. आपण आज ज्या पदास पोंचलों तें त्यामुळेंच, ही जाणीव त्यांस आहे. हे गोपाळराव पुढें स्वतः अमेरिकेंत गेले, तेव्हां तेथील व्यासपीठांवरून त्यांनीं त्या देशाच्या चालीरीतींवर व स्त्रीशिक्षणावरही तोंडसुख घेतलें. शिष्या गुरूच्या पुढें निघून गेलेली पाहण्याचा प्रसंग त्यांस झेपला नसावा, असा आमचा तर्क आहे.

गोपाळरावांच्या शेजारीं न्यायमूर्ति रानड्यांस बसविणें हा अन्याय होईल. तेथें मार नव्हता, धमकी नव्हती. १८७३ सालीं एकतिसाव्या वर्षीं अकरा वर्षांच्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला, आणि त्यांनीं तिला लागलीच शिकविण्यास आरंभ केला. छळ झाला तो घरांतील वडीलधाऱ्या बायकांकडून. पुरुषांच्या पूर्वग्रहाची राखण स्त्रियाच किती निष्ठेनें करीत, हें रमाबाईंच्या आठवणींत पानोपानीं दिसतें. त्या पुस्तकाचें नांव 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'. नांवांत 'आमच्या' असलें तरी आंत प्रकाश पडतो तो बहुतेक त्यांच्यावर. त्या दांपत्याच्या परस्पर प्रेमाविषयीं संशय घेण्याचें कारण नाहीं. पण तें प्रेम गुरुशिष्येचें होतें. रमाबाईंचें स्वतंत्र कर्तृत्व, पुण्याच्या सेवासदनाचें, न्यायमूर्ति १९०१ सालीं वारल्यानंतर उभें राहिलें.

ज्या स्त्रीस असा कोणी अनुज्ञा देणारा नव्हता, तिची गति काय झाली? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें लहानसें पुस्तक पुण्यांत छापविलें. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस बालहत्येबद्दल शिक्षा झाली, आणि वृत्तपत्रांनीं त्या निमित्तानें साऱ्या स्त्रीजातीवर तोंड सोडलें, त्याचा संताप या पुस्तकांत आहे. स्त्रीच्या माथीं मारलेला प्रत्येक दुर्गुण पुरुषांत अधिकच आढळतो, असें त्या एकेक घेऊन दाखवितात. त्यांची भाषा तिखट आहे, क्वचित् शिवराळही. आम्हांस ती खटकली नाहीं. थट्टा करणाऱ्यांत केवळ सनातनीच होते असें नाहीं, सत्यशोधक मंडळींतलेही होते. जोतीराव फुल्यांनीं मात्र १८८५ सालीं 'सत्सारां'त ताराबाईंची बाजू उघडपणें घेतली. ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. हेंही पुस्तक विस्मृतींत गेलें, तें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत.

रखमाबाईंच्या खटल्याचा शेवट १८८८ सालीं तडजोडीनें झाला. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं आपला हक्क सोडला व पुढें दुसरें लग्न केलें. रखमाबाई लंडनास जाऊन १८९४ सालीं डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं अनेक वर्षें स्त्रियांची शुश्रूषा केली. १९०४ सालीं दादाजी वारले. ज्या विवाहास त्यांनीं भर न्यायालयांत नाकारलें होतें, त्याच विवाहाच्या रूढीप्रमाणें रखमाबाईंनीं तेव्हांपासून विधवेचें पांढरें लुगडें नेसण्यास आरंभ केला. सक्ति करणारें त्या वेळीं कोणी उरलें नव्हतें.