ळ कुठे छापलाय?

सोलापुरात, पुण्यात किंवा मुंबईत विकत घेतलेला लॅपटॉप उघडा आणि त्याचा कीबोर्ड एकदा नीट बघा. बऱ्याच लॅपटॉपवर चारच्या बटणावर, डॉलरच्या शेजारी ₹ ही खूण दिसेल. डी. उदय कुमार यांनी देवनागरी र आणि रोमन आर एकत्र करून ती काढली. भारत सरकारने 15 जुलै 2010 रोजी ती स्वीकारली आणि काही काळातच ती बटणांवर छापून येऊ लागली. आपल्या लॅपटॉपवर देवनागरी वळणाचं असं हे एकच चिन्ह असतं. बाकी सगळं रोमन.

कीबोर्डवर आपण खूप बोलतो. दिवे आहेत का, बटणं किती खोल जातात, बाणांची बटणं अर्ध्या उंचीची आहेत की पूर्ण, डिलीटच्या जागी पॉवरचं बटण का ठेवलंय. मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे या गप्पांत मीही हिरिरीने असतो. पण या गप्पांत एक प्रश्न सहसा येत नाही: यात ळ कुठे आहे? त्याचं उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी 1868 मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं. बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र 1874 मध्ये बाजारात आणलं. 1878 च्या रेमिंग्टन नंबर 2 या मॉडेलमध्ये शिफ्ट आली आणि एका बटणावर दोन अक्षरं बसू लागली. अक्षरांचा आजचा क्वर्टी क्रम याच दहा वर्षांत घडला. दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून अक्षरं लांब-लांब ठेवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये वेगळी मांडणी केली: तारेचे संदेश उतरवून घेणाऱ्या ऑपरेटरांच्या गरजेतून हा क्रम हळूहळू बनत गेला. कारण कुठलंही असो, ही जुळणी इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी आणि लोखंडाच्या दांड्यांसाठी होती. ऑगस्ट ड्वोराकने 1936 मध्ये अधिक सोयीच्या मांडणीचं पेटंट घेतलं, तरी लोकांनी बोटांची सवय बदलली नाही.

देवनागरीची अडचण याहून मोठी होती. छापखान्यात खिळे जुळवताना जोडाक्षरं धरून शेकड्यांनी खिळे लागत. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी चिन्हं काढून अ लाच वेलांट्या आणि उकार द्यायचे, म्हणजे खिळे वाचतील. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती लिपी प्रत्यक्ष वापरलीही. लिपीच्या या वादात यंत्राची गरज कायम डोकावत होती.

टाइपरायटरवर तर शिफ्ट धरूनही जेमतेम नव्वदच्या आसपास खुणा बसत. त्यावर तोडगा निघाला तो अक्षरं फोडण्याचा. ख, ग, घ, त, न, प, म, स यांसारख्या बऱ्याच अक्षरांना शेवटी उभी रेघ असते. मग रेघेआधीचा भाग वेगळा ठेवायचा आणि काना वेगळा. अर्धा न हवा असेल तर तेवढाच मारायचा, पूर्ण हवा तर पुढे काना मारायचा. मात्रा आणि अनुस्वार मारताना गाडा पुढे सरकत नसे, त्यामुळे ते अक्षराच्या डोक्यावर बसत. काही जोडाक्षरांना स्वतंत्र बटणं मिळाली, बाकीची तुकड्यातुकड्यांनी जुळवायची. मर्यादेत राहून केलेलं हे काम आजही थक्क करतं.

पण त्यातून एक गोष्ट ठरून गेली. टाइपरायटरवर मराठी डोळ्यांनी लिहिली जाऊ लागली. ‘किती’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी मारायची आणि मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. ‘कर्म’ लिहिताना क, म आणि सगळ्यात शेवटी रफार. तोंडातून र आधी येतो आणि म नंतर, याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नव्हतं.

गोदरेजने 1955 मध्ये टाइपरायटर भारतात बनवायला सुरुवात केली आणि पुढची अनेक दशकं सरकारी कचेऱ्या, कोर्टाची आवारं आणि टायपिंगचे क्लास त्यावर चालले. महाराष्ट्राच्या इतर शहरांसारखंच सोलापुरातही दहावी-बारावीनंतर टायपिंगला जाणं हा घरोघरचा शिरस्ता होता. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्द प्रतिमिनिटाचं प्रमाणपत्र लागे, आजही लागतं. गिरण्यांच्या आणि यंत्रमागाच्या या शहरात ते प्रमाणपत्र म्हणजे कामगाराच्या मुलाला आणि मुलीला टेबलामागची खुर्ची मिळण्याचा एक रस्ता होता. त्यामुळे रेमिंग्टनचा क्रम हजारो लोकांच्या बोटांत कायमचा मुरला. तो अवघड होता, पण पोट भरत होता.

संगणक आल्यावर लोखंडी दांड्यांचं बंधन संपलं. अर्धा न छापायचा की पूर्ण हे आता यंत्र स्वतः ठरवू शकत होतं. 1980 च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्रज्ञान उभं राहिलं. त्यात मोहन तांबे यांचं काम मोलाचं होतं. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ही मंडळी तिथे आली. याच काळात, 1986 मध्ये, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड ठरवला. 1991 मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणात त्याची नोंद झाली.

इनस्क्रिप्टची कल्पना शाळेतल्या तक्त्यासारखी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. अल्पप्राण साधा दाबायचा, त्याचा महाप्राण शिफ्ट धरून: क वर ख, ग वर घ, त वर थ. डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली हलन्त. ‘कर्म’ लिहायचं तर क, र, हलन्त, म. तोंडातून जसं येतं तसं. रफार कुठे ठेवायचा ते फॉन्ट बघतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला तो डोळ्याच्या पापणीसारखा र लिहायचा असेल तर शिफ्ट धरून ऱ, मग हलन्त, मग य. आणि ळ? इंग्रजी एनच्या बटणावर, ल च्याच डोक्यावर, शिफ्ट धरून.

या कीबोर्डची खरी किंमत सोलापुरात जास्त कळते. 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या या शहराच्या चार हुतात्म्यांची नावं वाचा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार नावांतच शहराच्या बोलींचा अंदाज येतो. पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, सगळीकडे मराठी, शिवाय उर्दू. इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा क ज्या बटणावर आहे, त्याच बटणावर कन्नडचा आणि तेलुगूचाही क आहे. एकदा बोटं बसली की भाषा बदलली तरी बोटं बदलत नाहीत. ज्याला ती लिपी वाचता येते त्याला ती लगेच टाइपही करता येते. उर्दूची लिपी वेगळी आहे, त्यामुळे ती या हिशेबात बसत नाही. पण तीन भाषांना एकच कीबोर्ड पुरणं, हे या शहरासाठी लहान काम नाही.

याच्या खाली एक गणित आहे, ते मला प्रोग्रामर म्हणून फार आवडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. मराठी ळ चा क्रमांक 2355, तेलुगू ळ चा 3123 आणि कन्नड ळ चा 3251. मराठी क 2325, तेलुगू क 3093, कन्नड क 3221. वजाबाकी करून बघा. मराठी आणि तेलुगूमधलं अंतर दोन्ही वेळा 768, तेलुगू आणि कन्नडमधलं 128. हा योगायोग नाही. ज्या भारतीय प्रमाणाने इनस्क्रिप्ट नोंदवला, त्याच प्रमाणातली अक्षरांची ठेवण युनिकोडने घेतली. एकच वर्णमाला वेगवेगळ्या लिप्यांत उतरली आहे, हे व्याकरणकारांना फार पूर्वीपासून माहीत होतं. संगणकात ते आकड्यांत लिहिलं गेलं.

मग एवढा विचार करून केलेला कीबोर्ड घराघरांत का पोचला नाही?

एक कारण बोटांची सवय. रेमिंग्टनवर शिकलेल्यांनी संगणकावरही तोच क्रम मागितला आणि तो मिळालाही. कृती देवसारखे फॉन्ट आले. त्यांत संगणकाला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, फक्त दिसताना देवनागरी दिसतं. ‘हिन्दी’ लिहायला एफ, जी, शिफ्ट धरून यू, एन, एच दाबायचं. पहिलं एफ म्हणजे वेलांटी, अजूनही आधी. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला आणि तिथे तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा उघडतो. जुन्या कागदपत्रांतला असा मजकूर तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. तो शोधता येत नाही, क्रमाने लावता येत नाही, यंत्राला वाचून दाखवता येत नाही. महाराष्ट्रात टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा 2017 च्या ऑगस्टमध्ये झाली. यंत्र गेलं, तरी त्याचा क्रम संगणकात मागे राहिला.

दुसरं कारण साधं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. इनस्क्रिप्ट दिसतच नाही. विंडोज 2000 पासून तो आपल्या संगणकांत आहे, फुकट आहे. देवनागरी दाखवण्यासाठी आर. के. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्टही सोबत आला. पण सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडलं तरी खाली बटणांवर क्यू-डब्ल्यू-ई-आरच लिहिलेलं असतं. रशियात किंवा अरब देशांत विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर एका बटणावर दोन लिप्या शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. आपल्याकडे स्टिकर लावायचा सल्ला मिळतो.

आणि इथे तो आवडता दिवा आड येतो. ॲपलने 2003 च्या सतरा इंची पॉवरबुकमध्ये खालून उजळणारा कीबोर्ड दिला आणि पुढे तो स्वस्त लॅपटॉपपर्यंत झिरपला. त्याची रीत अशी: बटण पारभासक प्लास्टिकचं, त्यावर काळा रंग आणि अक्षराच्या आकारात लेझरने तो रंग खरवडलेला. खालचा उजेड त्या खरवडलेल्या जागेतून वर येतो. म्हणजे जे अक्षर कारखान्यात कोरलं तेच अंधारात दिसणार. त्यावर अपारदर्शक देवनागरी स्टिकर चिकटवला की दिवा झाकला जातो. पारदर्शक चिकटवला तर उजेडात खालचं इंग्रजीच ठळक दिसतं. दिव्याचा कीबोर्ड हवा असेल तर मराठी अक्षरं अंधारात, असा हा व्यवहार आहे.

फोनवर ही सबब चालत नाही. काचेवर कुठलंही अक्षर उमटू शकतं. आयआयटी मुंबईतून 2013 मध्ये आलेल्या स्वरचक्रात व्यंजन दाबलं की त्याच्या भोवती बाराखडीचं चाक उघडतं. केंद्राच्या नियमांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये भारतीय भाषांची सोय असावी लागते. तरीही माझ्या पिढीतले बहुतेक जण मराठी इंग्रजी स्पेलिंगने लिहितात आणि पुढचं काम कीबोर्डच्या अंदाजावर सोडतात. माझ्या मते याचं मूळ तिथेच आहे: आपल्याला टाइप करायला शिकवलं ते फक्त इंग्रजी अक्षरांनी.

घाईत ते सोयीचं आहे, मीही तसे मेसेज पाठवतो. पण त्यात काय गळतं ते बघा. के-ए-एल लिहिलं की काल, कल आणि कळ, तिन्ही शक्य. बी-ए-एल म्हणजे बाल, बळ, बाळ की बल? न आणि ण, ल आणि ळ, ऱ्हस्व आणि दीर्घ हे फरक आपण लिहिणं बंद करतो आणि त्यांचा निवाडा एक यंत्र करतं, लोक जास्त वेळा काय लिहितात ते बघून. जो शब्द कमी वापरात आहे, जो फक्त सोलापूरकडे बोलला जातो, तो यादीत खाली जातो. काही दिवसांनी आपणही तो निवडेनासे होतो. रेमिंग्टनने मराठीचा क्रम बदलला होता, अक्षरं मात्र सगळी ठेवली होती. आता अक्षर निवडायचं कामच आपल्या हातून सुटतंय.

यावर उपाय अवघड नाही. लॅपटॉप विकणाऱ्यांना ₹ कोरता येतो, तर त्याच लेझरने बटणाच्या कोपऱ्यात क आणि ख ही कोरता येतील. शाळेतल्या संगणकाच्या तासाला इंग्रजीबरोबर इनस्क्रिप्टची मधली ओळ शिकवता येईल. सोलापुरातल्या शाळांत तर मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही माध्यमांच्या मुलांना तोच एक तक्ता चालेल. तोवर फोनच्या किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि आठवडाभर रोज दहा मिनिटं फक्त प, र, क, त, च, ट गिरवा. बोटांना तेवढं पुरतं.