ऑटिझम असलेलं मूल वर्गात: वागण्यामागचं कारण आधी शोधा

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द रूढ झालाय, पण थोडा फसवा आहे. मूल स्वतःतच रमलंय, त्याला कुणी नकोच आहे, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात यातल्या अनेक मुलांना मित्र हवे असतात. खेळात शिरायचं कसं, चेष्टा कुठली आणि खरं कुठलं, हे इतरांना आपसूक कळतं. या मुलांना ते उलगडून सांगावं लागतं.

शाळेत त्यांना गणिताच्या तासापेक्षा मधली सुट्टी जड जाऊ शकते. घंटा, आरडाओरडा, डब्यांचे वास, धक्काबुक्की, आणि पुढं काय होणार याचा पत्ता नाही. मूल कान झाकतं, किंचाळतं, कुणाला तरी ढकलतं. मग ‘हट्टी’ असा शिक्का बसतो. पण तोंडानं सांगता न आलेलं काहीतरी ते वागण्यातून सांगत असतं. ते ओळखायला एक वही पुरते: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर काय झालं. आठवडा-दोन आठवडे नोंदी ठेवल्या की धागा हाती लागतो. ढकलल्यावर बाई वर्गाबाहेर बसवतात आणि त्याला तिथंच शांत वाटतं, असं दिसलं तर शिक्षाच बक्षीस ठरतेय. अशा मुलाला ‘मला थांबायचंय’ हे चित्राचं कार्ड दाखवायला शिकवावं, आणि कार्ड दाखवताच लगेच शांत जागी नेऊन बसवावं. सुरुवातीला तरी यात टाळाटाळ नको, नाहीतर कार्डावरचा विश्वास उडतो.

दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावलं की पुढचं आधी कळतं. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सोशल स्टोरी’ची पद्धत आणली. मुलाच्याच प्रसंगावर चार-पाच साधी वाक्यं लिहायची: ‘सुट्टीत मुलं लगोरी खेळतात. मला खेळायचं असेल तर मी “मला घेता का?” विचारतो. कधी “हो” म्हणतात, कधी थांबायला सांगतात.’ सुट्टीआधी हे रोज वाचायचं. सोबत दोन समजूतदार वर्गमित्र नेमावेत; एकट्यावर भार नको. कौतुकही नेमकं हवं. नुसतं ‘शाब्बास’ नाही, तर ‘तू पाळीची वाट बघितलीस’ असं. नजरेला नजर देण्याची सक्ती मात्र करू नये.

सीमाभागात, इंदूर-वडोदऱ्यात किंवा हैदराबादेत आणखी एक पेच असतो. घरी मराठी, शाळेत दुसरी भाषा. मग ‘मूल गोंधळेल, घरी मराठी बंद करा’ असा सल्ला मिळतो. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचा भाषाविकास मागं पडतो, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट घरची भाषा सुटली की आजी-आजोबांशी बोलणं, म्हणजे घरातलाच सराव, सुटतो. कार्डांवर चित्र एकच ठेवावं आणि त्याखाली दोन्ही भाषांतला शब्द लिहावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. या कायद्याखालचं प्रमाणपत्र देशभर चालतं, त्यामुळे बेळगावात काढलेलं असलं तरी कोल्हापूरच्या शाळेत ते दाखवता येतं.